पलीकडचा वावर

डॉ. सायमन डाबरे यांनी कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "एकेचाळीस नंबरच्या भिंतीपलीकडचे तांबटकाका गेले," ते म्हणाले. "आज सकाळी, इस्पितळात."

डॉ. इरावती कोलते यांनी पडद्यावर त्या भिंतीची नोंद उघडली. नाशिकमध्ये श्वासज्वराच्या साथीचं तिसरं वर्ष चालू होतं. सत्तरीपुढच्या माणसांनी घरात एकट्यानंच राहायचं, असा नियम होता. तापानं गेली त्याहून जास्त माणसं एकटेपणानं खंगली, तेव्हा या दोघांनी वावरभिंत बनवली. स्वयंपाकघरात लावायचा एक पातळ पत्रा. तो एका घरातले आवाज दुसऱ्या घरात पोचवी आणि दुसऱ्यातले पहिल्यात. चपला, भांडी, खोकला, सगळं जाई. शब्द मात्र गाळले जात, कारण अनोळखी म्हातारी माणसं बोलू लागली की तिसऱ्या दिवशी भांडत.

"नवा जोडीदार मिळायला दहा-बारा दिवस लागतील," डाबरे म्हणाले. "तोवर भिंतीअलीकडच्या द्वारकाबाईंचं काय?"

"काकांचं ध्वनिमुद्रण लावा."

"मॅडम, ते चालत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंय. आपण खोकलो की पलीकडचं जिवंत माणूस क्षणभर थांबतं. मुद्रणातलं थांबत नाही. मेंदूला चार दिवसांत कळतं, तिकडे कुणी नाही. धुळ्याच्या आजोबांनी पाचव्या दिवशी जेवण सोडलं होतं."

"माहीत आहे. पण नुसत्या शांततेत त्यांचे दोन दिवसही निघायचे नाहीत. लावा."

मनगटपट्टी रक्तातले बदल मोजून एकलांक, म्हणजे एकटेपणाचा आकडा, दाखवी. तिशीखाली बरा, सत्तरीपुढे धोका. द्वारकाबाई सोनवण्यांचा एकलांक पाचव्या दिवशी बावीस होता. आठव्या दिवशी एकवीस. डाबरे प्रयोगशाळेतच मुक्काम ठोकून होते. घरी तरी कोण होतं? द्वारकाबाईंचे आवाज ऐकत, मुद्रण सोडत ते टेबलापाशी बसून राहत.

नवव्या दिवशी कोलते संरक्षक पोशाख चढवून स्वतः द्वारकाबाईंकडे गेल्या.

"या. चंद्रावर निघालात का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या द्वारकाबाई म्हणाल्या. "बसा तिकडे, लांब. ती टेप बंद करा आधी."

"टेप आहे हे कसं कळलं तुम्हाला?" कोलतेंनी विचारलं.

"चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसले मी. लाइन मेलेली पहिल्याच दिवशी कळली. मी सकाळी ओट्यावर दोनदा पळी आपटायची, ते हातोडीनं एक ठोका द्यायचे. कुणी ठरवलं नव्हतं, पडली तशी सवय. घागर करत होते ते. ठोके बारीक व्हायला लागलेले, म्हणजे गळ्यापर्यंत आली असणार." त्या थांबल्या. "झाली का हो पुरी?"

"नाही. गळा राहिलाय."

"तुम्ही सांगायला हवं होतं मला. गेलेल्या माणसाला असं राबवू नये."

"चुकलं आमचं," कोलते म्हणाल्या. "पण मग तुमचा एकलांक चढला कसा नाही?"

"का चढेल? टेपच्या मागे कुणीतरी आहे की. पहिल्या दिवशी मी दोनदा पळी आपटली. टेपनं काही केलं नाही. पण जरा वेळानं कपावर चमचा वाजला, एकदाच. मी खोकले की खुर्ची करकरायची थांबते. पुरुषमाणूस आहे आणि नीट जेवत नाही. आठ दिवसांत एक ताट वाजलेलं ऐकलं नाही मी. त्यांना सांगा, उद्या दुपारी मला कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे."

कोलते परतल्या त्या कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊनच. डाबरे कुकरकडे बघत राहिले.

"चमचा तुम्ही वाजवलात?"

"माइक चालू होता, हे लक्षात नव्हतं आलं," ते म्हणाले. "त्या दोनदा आपटून थांबल्या. कुणीच उत्तर दिलं नाही. मला ते ऐकवेना. मग रोजच."

कोलतेंनी त्यांचं मनगट उलटं केलं. चाचणीसाठी बांधलेली पट्टी त्यांनी काढली नव्हती. साथ सुरू झाल्यापासून सत्तरीच्या पुढे असलेला आकडा सव्वीसवर आला होता. नवा जोडीदार शोधायचा अर्ज कोलतेंनी मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्रण बंद झालं. हातोडी थांबली. पडद्यावरचा द्वारकाबाईंचा एकलांक हलला. तीस. एकेचाळीस. त्रेपन्न.

डाबरे उठले. "पुन्हा लावू?"

"नको. आठवण येतेय त्यांना," कोलते म्हणाल्या. "काकांची यायलाच हवी."

आकडा त्रेपन्नवर अडून राहिला. कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. पलीकडे बराच वेळ काहीच हललं नाही. मग ओट्यावर पळी आपटली, दोनदा, हळू.

डाबरेंनी चमचा उचलला.