चार सेकंदांची कार्डं

मला रिकामं बसता येत नाही. नागपूरला औषधांच्या एका कारखान्यात सहा वर्षं मी गोळ्या तपासण्याचं काम केलं. अमेरिकेत रेडमंडला आल्यावर मात्र घरात बसायची पाळी आली, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नाही. पावसाळी हिवाळा, चारला पडणारा अंधार आणि दिवसातून तीनदा पुसलेला ओटा. शेवटी मंगळवारी आणि गुरुवारी मी मुलीच्या शाळेत फुकट राबायला जाऊ लागले. चित्रं कापायची, लॅमिनेट करायची, अक्षरांचे ठोकळे धुवायचे, फाटलेल्या गोष्टींच्या पुस्तकांना चिकटपट्टी लावायची.

मुलगी म्हणजे स्वानंदी. २००३च्या त्या हिवाळ्यात ती साडेतीन वर्षांची होती आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात जात होती. ती उशिरा का बोलत होती ते मला ठाऊक नाही. ती बोलायची का थांबली, ते मात्र नक्की ठाऊक आहे.

शाळेच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, मूल किती शब्द बोलतं? गुरुनाथनं, माझ्या नवऱ्यानं, विचार न करता लिहिलं, चार. बाय, नो, कार, ज्यूस. तिचे मराठी शब्द फॉर्ममध्ये घालायचे असतात हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्या शब्दांची यादी माझ्याकडे कॅलेंडरच्या मागच्या पानावर होती. ते सदतीस होते. मग चार शब्दांच्या मुलीला जो सल्ला मिळायचा तो मिळाला, घरात एकच भाषा बोला. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांनी तेच केलं होतं. गुरुनाथ म्हणाला, येत्या सोमवारपासून फक्त इंग्लिश. सोमवारी सकाळी मी तिला “गुड मॉर्निंग” म्हणाले, तेव्हा ती खोलीत आणखी कोण आलंय ते बघायला वळली. तीन आठवड्यांत सदतीसही गेले आणि चारही.

वर्गाच्या शिक्षिका मिसेस हॅलोरन. मी घरी त्यांना हॅलोरनबाई म्हणायचे. साठीच्या, उंच, कधीही आवाज न चढवणाऱ्या. नोव्हेंबरात त्यांनी माझ्यापुढे एक खोका ठेवला. कुठलीशी शाळा बंद पडली होती, तिथलं सामान आलं होतं. बोलकी कार्डं आणि ती वाजवायचं यंत्र.

कार्ड साधारण पोस्टकार्डाएवढं. वर चित्र, खाली इंग्रजी शब्द आणि तळाशी कॅसेटमध्ये असते तशा टेपची तपकिरी पट्टी. यंत्राच्या खाचेत कार्ड ठेवलं की ते आपोआप डावीकडून उजवीकडे सरकायचं आणि शब्द बोलायचं. एक बटण शिक्षकाच्या आवाजाचं, एक मुलाच्या. शिक्षकाचा आवाज कायमचा असायचा. मुलानं तो ऐकायचा, मग लाल बटण दाबून त्याच कार्डावर आपला आवाज भरायचा. नवा भरला की जुना पुसला जायचा. एका कार्डात चार सेकंद मावायचे.

माझं काम होतं प्रत्येक कार्ड वाजवून बघायचं आणि झिजलेली वेगळी काढायची. हे माझ्याच धंद्यातलं काम, म्हणून मी खूश होते. सामानाच्या लांबट खोलीत, जिथे छतावरचा पाऊस सारखा वाजायचा, मी बसले. खोक्यात शहाण्णव कार्डं होती आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेलं साल १९७८ होतं. शिक्षिकेचा आवाज कुणा वयस्क बाईचा, कोरडा आणि स्वच्छ. “बॉल.” मग मी मुलाच्या आवाजाचं बटण दाबलं.

“चेंडू,” कार्ड म्हणालं.

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षांपूर्वी या ओल्या मुलखात कुणीतरी मराठी मूल होतं! मी पुढचं कार्ड लावलं. मांजर. चमचा. बूट. लहान मुलीचा आवाज, शब्दाआधी छोटासा श्वास घेणारा. स्वानंदीही असाच श्वास घ्यायची, पण बरीच मुलं घेत असतील. विसावं की एकविसावं कार्ड छत्रीचं होतं.

“गुम्मा,” कार्ड म्हणालं.

मी ते सहा वेळा वाजवलं. गुम्मा म्हणजे छत्री, हा शब्द मराठीत नाही, कुठल्याच भाषेत नाही. माझ्या काळ्या घडीच्या छत्रीला स्वानंदीनं दीड वर्षाची असताना दिलेलं ते नाव. जगात तो शब्द आमच्या एकाच घरात होता आणि तिथूनही तो सप्टेंबरात गेला होता.

मी हॅलोरनबाईंना बोलावलं. त्यांना ऐकू येणार नाही असं मला वाटत होतं. त्यांना व्यवस्थित ऐकू आलं. त्या म्हणाल्या, जुन्या कार्डांवर असं कुणा ना कुणा मुलाचं राहून गेलेलं असतंच, त्यावर भरलं की झालं. गुरुवारपासून त्या ही कार्डं स्वानंदीबरोबर वापरणार होत्या.

रात्रीच्या जेवणाला मी गुरुनाथला सांगितलं. “कुठलं तरी देसी मूल असेल गं आधी,” तो म्हणाला. मी गुम्माचं विचारलं, तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “तू फार स्ट्रेस घेतेस, शैलजा. आराम कर जरा.”

गुरुवारी मी काचेपलीकडून बघत होते. कार्ड सरकलं, कार्डातली शिक्षिका “बॉल” म्हणाली. स्वानंदीनं लाल बटण दाबलं, छोटा श्वास घेतला आणि म्हणाली, “बॉल.” स्पष्ट, पूर्ण, शेवटच्या ल पर्यंत. दहा आठवड्यांतला पहिला शब्द. मी तिथेच उभी राहून रडले आणि हॅलोरनबाईंनी मला टिश्यूचा खोका दिला.

त्या संध्याकाळी गुरुनाथनं भारतात दोन्हीकडे फोन केले. मी आंघोळीच्या टबात चेंडू टाकला आणि दार लावून, चोरून, तिला म्हणाले, “चेंडू दे.” तिनं माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांकडे बघतात तसं, नीट, अदबीनं. मग म्हणाली, “बॉल.”

दर आठवड्याला आठ-दहा कार्डं व्हायची. जे कार्ड झालं तो शब्द तिला यायचा, आणि नुसता नाही, पक्का यायचा. नवीन वर्षाच्या पार्टीत तिनं टेबलावरच्या सगळ्या वस्तूंची नावं सांगितली. आमच्या ओळखीतल्या शैलेंद्रकाकांनी तिला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्यांच्या घरच्या सुलेखाकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बघ, सांगत होते ना, मराठी बंद केलं की फरक पडतो.” मी हसले. हातातली जिलबी मी कागदी रुमालात गुंडाळून ठेवली.

कारण कार्डं लावून ठेवायचं काम माझं होतं, आणि प्रत्येक कार्ड पुसलं जाण्याआधी मी ते एकदा ऐकत होते.

नोव्हेंबरात ज्या कार्डांवर एकच शब्द होता, त्यांच्यावर आता जास्त होतं. घराचं कार्ड म्हणालं, “घर. आमचं घर.” मी मागचं साल बघितलं, पट्टी बघितली, कुणी खोलीत येऊन जातं का ते विचारलं. किल्ली हॅलोरनबाई आणि मी, आम्हा दोघींकडेच होती. त्यांना मराठीतला म सुद्धा येत नव्हता.

जानेवारीच्या शेवटी पलंगाचं कार्ड म्हणालं, “झोप नाही येत.”

मी ते बाजूला लपवलं. दुसऱ्या दिवशी स्वानंदी सगळं बोलत होती, पण पलंगाजवळ आली की तोंड उघडून नुसती उभी राहायची. दोन रात्री तिनं झोपायचंच नाकारलं. तिसऱ्या दिवशी मी कार्ड परत ठेवलं. तिनं लाल बटण दाबलं, “बेड” म्हणाली आणि त्या रात्री आठला शांत झोपली. मी जागी होते. माझ्या मुलीला बोलता यायला हवं होतं, आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. ते मला मिळत होतं, आणि त्यासाठी काय पुसलं जातंय ते फक्त मलाच ऐकू येत होतं.

“चालतंय ना?” गुरुनाथ म्हणाला. “मग आता त्याला हात लावू नकोस, प्लीज.”

मी हात लावला नाही.

दाराचं कार्ड म्हणालं, “दार उघड ना.”

ते मंगळवारी पुसलं गेलं.

खिडकीचं कार्ड म्हणालं, “तू दिसतेस मला.”

ते गुरुवारी.

वडिलांच्या कार्डावर फक्त श्वास होता. त्यावर स्वानंदी “डॅड” म्हणाली, आणि गुरुनाथ दारातच गुडघ्यांवर बसला.

फेब्रुवारीच्या शेवटी एक कार्ड उरलं. ॲप्रन घातलेली बाई, हातात भांडं. मी बटण दाबलं.

“आई.”

एवढंच. बाकी कार्डांसारखी तक्रार नाही, प्रश्न नाही. दुपारी झोपेतून उठल्यावर स्वानंदी मारायची तशी हाक, मी घरातच आहे हे माहीत असताना मारलेली. मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि हॅलोरनबाईंना सांगितलं की ते सापडत नाही. त्यांनी माझ्याकडे थोडा जास्त वेळ बघितलं. मग त्या म्हणाल्या की एक राहिलं तर बिघडत नाही, बाकी सगळं ती घरी शिकेल.

ती शिकलीही. चार वर्षांची झाली तेव्हा लांब लांब वाक्यं बोलत होती, पाचव्या वर्षी पुस्तक वाचू लागली. शेजारच्या बाई म्हणायच्या, किती स्वच्छ बोलते. फार स्वच्छ बोलायची. कधी अडखळायची नाही, कधी चुकीचा शब्द बनवायची नाही.

मला मात्र ती काहीच म्हणायची नाही. आई नाही, मॉम नाही, नुसतं ए सुद्धा नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत थांबायची. एकदा बाजारात हरवली. मला सापडली तेव्हा ती दुकानाच्या माणसाला माझं वर्णन करत होती. निळा कोट, काळे केस, पाच फूट दोन इंच. त्यानं विचारलं, ही तुझी कोण? ती तोंड उघडून उभी राहिली. मला त्या वेळी जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. मी कोट घालून तिथे उभी होते आणि माझ्या मुलीकडे माझ्यासाठी शब्द नव्हता. तो मीच पर्समध्ये घालून हिंडत होते.

सोळा महिने ते कार्ड तिथे होतं. पट्टी खराब होऊ नये म्हणून मी त्याला मलमलीच्या रुमालात गुंडाळलं होतं. रोज ठरवायची की फेकून द्यावं. रोज ठरवायची की शाळेत न्यावं. यंत्र शाळेतच होतं आणि शाळेकडे मी फिरकले नव्हते.

जून २००५मध्ये हॅलोरनबाईंचा फोन आला. त्या निवृत्त होत होत्या. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं, ती यंत्रं शुक्रवारी भंगारात जाणार होती, खोली आवरायला येतेस का म्हणून विचारत होत्या. मी गुरुनाथला काही सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी स्वानंदीला घेऊन गेले. लख्ख ऊन होतं, मैदानावर मुलं ओरडत होती. हॅलोरनबाई ऑफिसात सह्या करायला गेल्या आणि आम्ही दोघी त्या लांबट खोलीत उरलो.

मी ठरवून आले होते. हिला ते कार्ड द्यायचं, हिनं त्यावर एक शब्द भरायचा आणि मग हिनं मला आयुष्यभर त्या शब्दानं हाक मारायची. मला हाक हवी होती. कुठल्याही भाषेतली चालली असती. कार्डातल्या त्या दुसरीला मी निवडलं नाही, याची लाज वाटत होती आणि तरीही हाक हवी होती.

यंत्र लावलं. स्वानंदी खुर्चीवर बसली आणि तिनं न सांगता लाल बटणावर बोट ठेवलं.

“थांब,” मी इंग्रजीत म्हणाले. एकदा ऐकावं म्हणून मी मुलाच्या आवाजाचं बटण दाबलं.

कार्ड सरकू लागलं. आधी छोटा श्वास.

आवाज आता तीन वर्षांच्या मुलीचा नव्हता. पाचच्या पुढचा होता, थोडा बसलेला, पुष्कळ हाका मारल्यासारखा.

“आई, तुझ्याजवळ ती कोण बसलीय?”

कार्ड उजव्या टोकाला जाऊन थांबलं.

मैदानावरचा गलका चालूच होता. माझं तोंड आपोआप उघडलं. दीड वर्षात मुलीशी न बोललेलं मराठी माझ्या जिभेवर आलं होतं, बाळ म्हणणार होते मी, एवढं आठवतं.

स्वानंदीला मराठी कळत नाही. तिनं बटणावरचं बोट काढलं नाही. दुसरा हात तिनं माझ्या मनगटावर ठेवला, हलकेच, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“डोन्ट आन्सर हर, मॉम.”

त्या सोळा महिन्यांत तिनं मला मारलेली ती पहिली हाक.