नाकारलेलं वाक्य

‘आता मला शोधू नका. माझ्याकडून झालं नाही. यात कोणाचाही दोष नाही.’

सकाळी नऊ वाजता डॉ. मधुमती दातारांनी संगणकावर हे वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. हिमानीच्या पोर्टफोलिओतली ही ताजी नोंद होती. वेळ, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

हिमानी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. लखनौच्या त्या संशोधन संस्थेत बाईंनी २०१० साली एक शिस्त लावली होती. प्रबंधाचा प्रत्येक कच्चा खर्डा ऑनलाइन पोर्टफोलिओत टाकायचा. गाइडनं तिथेच सूचना लिहायच्या. विद्यार्थ्यानं त्या घ्यायच्या, नाहीतर नाकारायच्या. सगळं तारखेसकट जपलं जाई. बाकीची पोरं कुरकुरत, हिमानीनं मात्र चार वर्षं त्यात जीव ओतला होता.

आणि उद्या तिला समितीपुढे उभं राहायचं होतं. तिचं तिसरं प्रकरण म्हणे तिच्या सह-मार्गदर्शकाच्या, डॉ. चंद्रहास पेंढारकरांच्या निबंधातून चोरलेलं होतं. मार्चमध्येच तो छापून आला होता.

अलीगंजच्या खोलीत तिच्याबरोबर राहणारी अपूर्वा दारात उभी होती. घर मूळचं अकोल्याचं, पण पोर इथेच वाढलेली. मराठी समजे, उत्तर मात्र हिंदीत.

“कधी गेली ती?”

“कल शाम, मैम. किसी का फोन आया, लैपटॉप लेकर निकल गई. स्कूटी यहीं है. अब फोन बंद है.”

“तिचा पासवर्ड तुला माहीत आहे?”

अपूर्वा पांढरीफटक पडली. “हाँ... पर मैंने कुछ नहीं लिखा, मैम! कसम से!”

बाईंनी पोलिसांना कळवलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या चाव्यांकडे गेली. संस्थेच्या मलिहाबादच्या बागेतल्या औषध-कोठाराचा खिळा रिकामा! फवारणीचा हंगाम तर केव्हाच संपला होता. जूनचं ऊन, पत्र्याचं कोठार आणि आत कीटकनाशकाचे डबे. अरे देवा, पोरीनं काही करून तर घेतलं नाही?

त्यांनी बागेच्या फाटकावरच्या जगदीशला फोन लावला. दोन मिनिटांनी तो धापा टाकत म्हणाला, “ताला तो बाहर से लगा है, मैडम. अंदर कौन होगा?”

बाईंना जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात चंद्रहास आले. चेहरा पडलेला, हातात एक फॉर्म. किती काळजी करणारा माणूस!

“फार वाईट झालं मॅडम. पोलीस यायच्या आत तिचं खातं बंद करू. उगीच बदनामी नको. तुमची सही हवी.”

“बंद केलं की खर्डे जातात ना?”

“जातात. आता कोणाला हवेत?”

बाईंनी पेन उचललं, पण सही होईना. ती वाक्यं कुठेतरी वाचली होती. पोर्टफोलिओत त्या २०१२ सालापर्यंत मागे गेल्या. हिमानीचा पहिला प्रयोग फसला, तेव्हाचं तिचं खासगी पान, फक्त गाइडना दिसणारं. ‘आता मला शोधू नका. माझ्याकडून झालं नाही.’ पुढे काहीच नव्हतं. बाजूला मात्र एक नाकारलेली सूचना होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अपूर्वा, दार लाव आणि तिथेच उभी राहा. चंद्रहास, ही नोंद हिमानीनं आज लिहिलेलीच नाही. ती दोन वर्षं जुनी आहे.”

“मग या मुलीनं टाकली असेल. पासवर्ड तिच्याकडेच आहे.”

“अपूर्वानं उचलली असती, तर दोनच वाक्यं उचलली असती. नाकारलेली सूचना विद्यार्थ्याच्या खात्यात दिसत नाही, ती फक्त आपल्या दोघांना दिसते. ‘यात कोणाचाही दोष नाही’ हे वाक्य घाल, असं तुम्ही सुचवलं होतंत. तिनं उत्तर दिलं, ‘सर, दोष माझाच आहे. हे वाक्य नको.’ काल तिला फोन करून तुम्हीच बोलावलंत, आज तिच्याच लॅपटॉपवरून नोंद टाकलीत, पण मजकूर घेतलात तुमच्या सुधारलेल्या प्रतीतून. पोरीनं नाही म्हटलेलं तुम्हाला आजही मान्य नाही!”

“अहो, पण मी कशाला...”

“कारण तिचे खर्डे तुमच्या निबंधाच्या दोन वर्षं आधीचे आहेत. चोर ती नाही, तुम्ही आहात. पुरावा त्या खात्यात आहे, आणि माझ्या सहीनं तो पुसायला तुम्ही धावत आलात. जीव द्यायला गेलेली पोर स्वतःला बाहेरून कुलूप लावत नाही हो! मीच मूर्ख, कुलूप ऐकून निवांत झाले. चावी काढा.”

खिशातून चावी निघाली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

“मी फक्त खातं बंद होईपर्यंत...”

“आणि मग?”



मलिहाबादला पोचायला तास लागला असता. बाईंनी फोन लावला. “जगदीश, कुल्हाड़ी लो! ताला तोड़ो!”

फोनमधून घाव ऐकू येत होते. मग कडी तुटली. मग काहीच नाही. अपूर्वानं बाईंचा हात गच्च धरला.

“मैडम, बिटिया यहीं है... हाथ बँधे हैं, मुँह पर कपड़ा... आँख नहीं खोल रही.”

“बाहेर काढ तिला! छाँव में! पानी मारो!”

बाई देवाचं नाव घेत राहिल्या. किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. मग पलीकडून कोणीतरी खोकलं आणि एक कोरडा, चिरका आवाज आला.

“मॅडम... खातं बंद नाही ना केलंत?”

“नाही गं बाळा, नाही,” बाई म्हणाल्या, आणि सही न केलेला फॉर्म मुठीत चुरगाळून त्या ढसाढसा रडायला लागल्या.