पुसलं तरी परत येणारं वाक्य

मी ते वाक्य तीनदा पुसलं आणि तिन्ही वेळा ते पडद्यावर परत आलं. जसंच्या तसं, पूर्णविरामासकट. ‘वादळ उत्तरेला वळलं. बोटी खुशाल बाहेर काढा.’

ते वाक्य मीच लिहिलं होतं आणि ते साफ चुकीचं होतं.

मी हेमाली तांडेल. ही गोष्ट २०६१ सालच्या ऑक्टोबरातली, मी बारा वर्षांची होते तेव्हाची. माझे आजोबा हवामानशास्त्रज्ञ; सगळं गाव त्यांना आजोबाच म्हणतं. आमच्या माडबंदरातली एकही बोट त्यांचा संदेश वाचल्याशिवाय समुद्रात जात नाही. त्या दिवशी सकाळीच त्यांनी कळवलं होतं, ‘वादळ येतंय. खाडीच्या तोंडाशी थांबा. तीन वाजता पुढचं सांगतो.’ बावीस बोटी थांबल्या. त्यांत बाबांची ‘मत्स्यगंधा’ही होती. मग टेकडीवरचं वारा मोजायचं यंत्र अडकलं. आजोबा ते सोडवायला गेले ते तीन वाजले तरी आले नाहीत.

आता मी गप्प बसावं की नाही? पण नको तेव्हा माझ्या अंगात शहाणपण संचारतं, असं आई म्हणते, ते काही खोटं नाही. नकाशात वादळाचा बाण उत्तरेकडे वळलेला दिसला. म्हटलं, आजोबांना कळतं तेवढं मलाही कळतं! दिला त्यांच्या नावाने संदेश ठोकून. बोटी निघाल्या. पावणेचारला माझं लक्ष नकाशाच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. मी कालचा नकाशा उघडून बसले होते. आजचा उघडला, तर बाण सरळ आमच्याच अंगावर येत होता.

आधी ते वाक्य नाहीसं करावं म्हणून मी आमची नोंदपेटी उघडली. नोंदपेटी म्हणजे बिस्किटाच्या डब्याएवढं यंत्र. गावातल्या पंधरा घरांत आणि बावीस बोटींवर अशा सदतीस पेट्या आहेत. एका पेटीतलं बोलणं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत असं पोचतं, म्हणून फोनची रेंज संपते तिथेही ते जातं. याला सगळे ‘जाळं’ म्हणतात. मी वाक्य पुसलं, की पेटी शिट्टी मारायची आणि पडद्यावर अक्षरं यायची: ‘तुमची प्रत बाकीच्या छत्तीस प्रतींशी जुळत नाही. दुरुस्त करत आहे.’

तेवढ्यात आजोबा धापा टाकत आत आले.

“हेमाली, बोटी कुठायत गं? टेकडीवरून बघितलं, खाडीचं तोंड रिकामं!”

मी रडतच सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लगेच पेटीसमोर बसून ते नवा संदेश लिहायला लागले.

“आजोबा, आधी माझं वाक्य पुसा ना! जाळं तुम्हीच बनवलंय. तुम्ही मालक!”

“मालक कुणीच नाही. म्हणूनच तर बनवलं.” त्यांची बोटं चालूच होती. “पूर्वी आपण एका कंपनीच्या ॲपवर बोलायचो. सगळं बोलणं त्यांच्याच यंत्रात. एक दिवस त्यांनी ते बंद केलं आणि अख्खं गाव मुकं झालं. म्हणून इथे प्रत्येकाकडे पूर्ण प्रत आहे. याला विकेंद्रित (एकाच जागी न एकवटलेलं) म्हणतात.”

“पण आपल्या पेटीतलं तरी पुसता यायला नको?”

“इथे बोलणं पानापानांनी साठतं. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा (त्यातल्या अक्षरांवरून गणिताने काढलेला आकडा) असतो. तू एक अक्षर जरी बदललंस, तरी त्या पानाचा ठसा बदलतो आणि पुढच्या पानावरच्या आकड्याशी जुळत नाही. पानाला पान बांधलेलं आहे, पोरी. हीच ब्लॉकचेन (पानांची साखळी). एका पेटीत खाडाखोड झाली, की बाकीच्या छत्तीस पेट्या ती मान्यच करत नाहीत.”

त्यांचा संदेश गेला: ‘वादळ येतंय. ताबडतोब परत फिरा.’ मला हुश्श झालं. पण पाचच मिनिटांत धर्मामामाच्या बोटीवरून उत्तर आलं.

‘मघाशी जा, आता या? सही दोन्हींवर आजोबांची. खरं कुठलं?’

मागोमाग दुसऱ्या बोटीचं: ‘कुणीतरी आजोबांची किल्ली चोरलेली दिसते. आम्ही जाळी टाकलीयत. नीट कळल्याशिवाय फिरणार नाही.’

आजोबांनी माझ्याकडे वळून बघितलं. “माझी खासगी किल्ली (सही करायचे गुप्त शब्द) तुला कुठून मिळाली?”

“तुम्ही दाढी करताना गाता की!”

खरंच गायचे. बारा शब्द लक्षात राहावेत म्हणून त्यांनी चाल लावली होती: खेकडा, परात, कंदील, भोवरा... आता ती किल्ली बदललीय, म्हणून बिनधास्त सांगते. आजोबांनी कपाळावर हात मारला.

“वा रे शहाण्या! साखळी एवढी पक्की केली आणि किल्ली मोरीत बसून गातोय!” मग हळू आवाजात म्हणाले, “पेटीला माणूस दिसत नाही, हेमाली. तिला फक्त किल्ली कळते. लिहिलेलं नंतर कुणी बदललं नाही, एवढंच ती सांगते. लिहिलेलं खरं आहे की नाही, ते तिला नाही कळत. आता माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवील?”

बाहेर माडांच्या झावळ्या उलट्या व्हायला लागल्या होत्या. सव्वाचार वाजले होते.

माझी स्वतःची किल्ली होती. ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तिच्या सहीने मी शिंपल्यांबद्दल लिहायचे, नाहीतर मैत्रिणींशी भांडायचे. तिच्या सहीने खरं सांगितलं असतं तर अख्ख्या कोळीवाड्याने वाचलं असतं, आणि ते कधीच पुसता येणार नव्हतं. माझ्या नातवंडांनीही वाचलं असतं! खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, आजोबाच काहीतरी काढतील वाट. मग ढग गडगडले आणि मला बाबा आठवले. मी लिहायला लागले.

‘मी हेमाली. तीन वाजताचा संदेश आजोबांचा नव्हे. त्यांची किल्ली वापरून तो मी लिहिला. मी कालचा नकाशा बघितला. नंतरचा संदेश आजोबांचाच आहे आणि तो खरा आहे. वादळ येतंय. सगळे परत या. बाबा, परत या.’

संदेश किती पेट्यांनी नोंदवला, तो आकडा कोपऱ्यात दिसत होता. सोळा. तेवीस. एकतीस. छत्तीसवर येऊन तो थांबला. सगळ्यात लांब गेलेली ‘मत्स्यगंधा’ तेवढी राहिली होती. आजोबांनी माझा हात घट्ट धरला. मी मनात दर्याला हजारदा हात जोडले.

सदतीस!

पाठोपाठ बाबांचं उत्तर आलं: ‘सही माझ्या पोरीची आहे. मी फिरतोय. सगळ्यांनी फिरा.’

साडेपाचपासून बोटी खाडीत शिरायला लागल्या. वारा असा, की धक्क्यावर उभं राहवेना. एकवीस आल्या. बाविसावी दिसेना, तशी आईने माझं मनगट पकडलं. दिवस मावळता मावळता ‘मत्स्यगंधा’ आत आली आणि मी धक्क्याच्या टोकाकडे धावत सुटले. बाबा नखशिखान्त भिजले होते.

“बाबा, माझ्यावर कसा काय विश्वास ठेवलात?”

“पहिल्यांदा सही बघितली आणि फसलो,” बाबा म्हणाले. “तुझ्या संदेशात मात्र सही बघून थांबलो नाही, मजकूर वाचला. स्वतःचं नाव घालून स्वतःची चूक सांगणारा माणूस कशाला खोटं बोलेल? मग सुकाणू फिरवलं.” एवढं बोलून त्यांनी माझा कान असा पिळला, की दोन दिवस लाल होता.

नंतर गावाने सभा घेऊन पेट्यांना नवा नियम घालून दिला: हवामानाच्या संदेशावर दोन वेगवेगळ्या किल्ल्यांच्या सह्या हव्यात. आजोबांनी दुसऱ्या सहीसाठी माझं नाव सुचवलं, तेव्हा सभेत एकच हशा पिकला. सोळाव्या वर्षी मात्र ते काम मला खरोखर मिळालं. आता शेजारच्या सहा बंदरांनीही आमच्यासारखंच जाळं विणायला घेतलंय. तिथली मुलं शिकायला येतात, तेव्हा मी सगळ्यात आधी माझ्या त्या चुकीच्या वाक्याचं पान उघडते.

“शी, ताई, किती लाज वाटत असेल! पुसता आलं असतं, तर पुसलं असतंस ना?” परवा एका मुलाने विचारलं.

“नसतं पुसलं,” मी म्हटलं. “बाबांना परत आणणारं पान त्याच पानाला बांधलेलं आहे.”