मागच्या बाजूचा सिंह

‘उठा! आधी उठा त्या खुर्चीवरून!’

हे मी ओरडले. तेही भर पंगतीत, आणि ज्या आजोबांचा सत्तरावा वाढदिवस चालला होता, त्यांच्यावरच. आजोबांच्या हातातला सूपचा चमचा तसाच राहिला. सूनबाई, लेक, नातवंडं... सगळी माझ्याकडे बघायला लागली.

खरं तर मी यान कुटुंबाच्या खानावळीत शिरले होते ती फक्त पावसासाठी. सूचौ शहरात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही, आणि माझी छत्री पुलावरच उलटी झाली होती. वाटीभर नूडल्स खायच्या आणि निघायचं, एवढाच बेत होता. पण समोर पाहते तर काय — मोठ्या चौकोनी टेबलाभोवती आठ खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर लाल रेशमाचा लांबलचक भरतकाम केलेला पट्टा. पाठीवरून बैठकीवर, बैठकीवरून खाली पायांपर्यंत. रेशीम शंभर वर्षांचं तरी असेल. आणि त्यावर हे आजोबा आरामात बसलेत, आणि त्यांच्या चमच्यातून सोया सॉस ठिबकतोय!

‘का उठायचं?’ मागून आवाज आला. पांढरा ॲप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात माशाचं भलंमोठं ताट. ‘खुर्चीचं कापड आहे बाई. खुर्चीवर नाही घालायचं तर काय डोक्यावर पांघरायचं?’

पंगत हसली. माझे कान तापले.

‘डोक्यावर पांघरलं तरी चालेल,’ मी म्हटलं, ‘निदान डोक्यावर कुणी सूप सांडत नाही.’

त्यानं ताट टेबलावर ठेवलं, आजोबांना हात देऊन उठवलं, आणि आठही पट्टे एकेक करून काढले. अगदी हलक्या हातानं काढले, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

‘झालं समाधान?’ तो म्हणाला. ‘आता नूडल्स खाणार, की नूडल्सचीही काही काळजी आहे तुम्हाला?’

त्याचं नाव देयुआन. खानावळ त्याच्या काकांची, आणि भट्टी त्याची. मी नूडल्स खाल्ल्या. उत्तम होत्या. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

दहा दिवसांनी हाच देयुआन आमच्या कार्यशाळेच्या दारात उभा, हातात भाजीची टोपली. टोपलीत मेणकापड, आणि मेणकापडाखाली तेच आठ पट्टे, काकांनी दुरुस्तीला पाठवलेले.

‘भाजीच्या टोपलीत?’ मी किंचाळलेच.

‘धुतलीये ती! तीनदा!’ तो म्हणाला. ‘तुमची भीती वाटते म्हणून.’

माझे उस्ताद थाओ शिफू चष्म्यावरून आमच्या दोघांकडे बघत होते. जुनी कापडं सांभाळण्याचा त्यांचा हा धंदा. मी त्यांच्याकडे शिकायला लागले त्याला तीन वर्षं झाली होती. तोवर माझ्या हातात आले होते ते झगे, बाह्या, पंख्यांची घरं. खुर्चीचे पट्टे कधीच नाहीत. शिफूंनी ते काम माझ्याकडे दिलं आणि मला आकाश ठेंगणं झालं.

आता यातली खरी गोम आधीच सांगून टाकते, कारण ती सांगताना मला अजूनही लाज वाटते.

पहिला पट्टा मी टेबलावर सपाट पसरला. चार भाग होते. खाली पायांपाशी लोंबणारा, मग बैठकीचा, मग पाठीचा, आणि सगळ्यात वर एक छोटा चौकोन. खालच्या तिन्ही भागांतली फुलं, फुलपाखरं, सिंह सगळं सुलट. वरच्या चौकोनातला सिंह मात्र उलटा, डोकं खाली, पाय वर. मी लगेच ताडलं. नंतर कुणीतरी डागडुजी करताना हा तुकडा चुकून उलटा जोडला असणार. मोठ्या ऐटीत वहीत तसं लिहिलं, आणि शिवण उसवायला बारीक कात्री उचलली.

‘काय करताय?’ देयुआन दारात. हातात यांगमेईची जांभळी फळं, नुकती धुतलेली, रस गळणारी.

‘ती फळं आधी बाहेर! एक थेंब पडला तर जन्मभर निघणार नाही!’

तो मुकाट्यानं बाहेर गेला, फळं ठेवली, हात धुतले, परत आला. ‘आता सांगा. कात्री कशाला?’

‘हा सिंह चुकून उलटा लागलाय. सरळ करतेय.’

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सिंहाकडे. आणि मग तो असा काही हसायला लागला की आतल्या खोलीतून शिफूंनी विचारलं, काय झालं.

‘एक खुर्ची द्या मला,’ तो म्हणाला.

‘खुर्चीवर टाकायचं नाही!’

‘बरं, तुम्ही टाका. तुमच्या पद्धतीनं.’

मी खुर्चीवर स्वच्छ सुती कापड घातलं आणि त्यावर पट्टा अलगद ठेवला. वरचा चौकोन पाठीच्या काठावरून दुमडून मागे पडला.

‘आता मागे या,’ तो म्हणाला.

मी मागे गेले. सिंह सुलट होता. चारी पाय जमिनीकडे, शेपूट वर, आणि... जीभ बाहेर! चक्क वेडावून दाखवत होता.

‘पुढचे सिंह पाहुण्यांसाठी,’ देयुआन आता हसत नव्हता. ‘हा वाढणाऱ्यासाठी. पणजीचं लग्न खानावळवाल्याशी ठरलं तेव्हा रुखवतासाठी तिनं हे पट्टे स्वतः भरले. तिला माहीत होतं, या खुर्च्यांवर बसायला आपल्याला काही मिळणार नाही, मागे उभंच राहावं लागणार. म्हणून मागच्या बाजूला हे तिचं स्वतःचं. आठही खुर्च्यांना. एकाची जीभ बाहेर, एक झोपलाय, एक पाव खातोय... मी लहानपणी ताटं घेऊन मागे उभा राहायचो तेव्हा यांच्याशीच बोलायचो.’

मी कात्री खाली ठेवली. वहीतलं ते पान फाडलं.

‘कुणाला सांगू नका,’ मी म्हटलं.

‘कुणाला?’ तो म्हणाला. ‘हे दिसतंच कुणाला? वाढणाऱ्यांनाच.’

त्या दिवशी पहिल्यांदा मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, आदल्या आठवड्यातच थोडासा आवडला होता. पण त्या दिवशी खूप.

मग तो रोज यायला लागला. ‘काका विचारतायत, कुठवर आलं?’ हे निमित्त. काका बिचारे काही विचारत नव्हते. तो लांबच्या स्टुलावर बसायचा, मी सांगितल्याशिवाय हलायचा नाही, आणि मी केसाएवढ्या रेशमानं सुटलेला एकेक धागा खाली धरून बसवायचे.

‘नवा धागा का नाही घालत? चमकेल की.’

‘चमकेल. पण मग ते पणजीचं राहील का? मी फक्त धरून ठेवते. उद्या माझ्यापेक्षा हुशार कुणी आलं, तर माझा टाका निघाला पाहिजे, आणि तिचा तसाच राहिला पाहिजे.’

‘तुमच्यापेक्षा हुशार?’ तो म्हणाला. ‘उलटा सिंह सरळ करणाऱ्यापेक्षा?’

मी त्याला कापसाचा बोळा फेकून मारला. त्यानं तो झेलला... आणि परत दिला नाही.

हे असं गोड गोड चाललं होतं, तेवढ्यात शिफूंनी मला आत बोलावलं. यान काकांनी पट्टे विकायचे ठरवले होते. तळ्याकाठी नवं मोठं हॉटेल होत होतं, द्वानवूच्या, होड्यांच्या शर्यतींच्या सणाला त्याचं उद्‌घाटन. तिथल्या मालकीण छिउबाईंना आठही पट्टे काचेच्या चौकटीत भिंतीवर लावायचे होते. भिंतीवर सगळं सुलट दिसायला हवं, म्हणून मागचे सिंह उसवून उलटून लावायचे. आणि विटलेला धागा काढून नवा झगझगीत भरायचा.

‘मी करणार नाही,’ मी म्हटलं.

‘काम मी घेतलंय, थिंगलान.’

‘शिफू, तुम्हीच शिकवलंत मला, जुन्याला नवं करायचं नाही म्हणून!’

ते चष्मा पुसत राहिले. कार्यशाळेला कामं नव्हती, हे मला माहीत होतं. ‘सणापर्यंत वेळ आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘उसवायचं नसेल तर सुई ठेव आणि जा.’

मी सुई ठेवली नाही आणि उसवलंही नाही. सणापर्यंत आठही पट्टे मी माझ्याच पद्धतीनं पुरे केले. सॉसचे डाग जमतील तेवढे फिके झाले. विटलेलं विटलेलंच राहिलं, आणि सिंह जिथल्या तिथे. शिफूंनी माझ्या टेबलाकडे फिरकणंच टाळलं.

सणाच्या आदल्या दिवशी खानावळीत छिउबाई आल्या. आम्ही आठही खुर्च्यांवर पट्टे घातले होते. काका चहा ओतत होते, शिफू भिंतीपाशी उभे होते, देयुआन स्वयंपाकघराच्या दारात. त्याच्यामागे त्याची आई, पाण्यानं ओले हात, सणासाठी पानांत भात बांधता बांधता उठून आलेली. या मावशी वर्षानुवर्षं त्या दाराच्या आतच असत. मी त्यांचा आवाजसुद्धा फारसा ऐकला नव्हता.

‘हे तर जुनंच दिसतंय,’ छिउबाई म्हणाल्या.

‘जुनंच आहे,’ मी म्हटलं.

‘आणि वरचे सिंह कुठे आहेत? सरळ करायला सांगितले होते ना?’

‘ते सरळच आहेत. तुम्ही चुकीच्या बाजूला उभ्या आहात.’

काकांच्या हातून चहा बशीत सांडला. ‘थाओ शिफू, ही पोरगी काय बोलतेय?’

‘पोरगी सांगतेय की ती उसवणार नाही,’ मी म्हटलं. ‘आणि दुसऱ्या कुणी उसवायला घेतलं, तर त्याला आधी मला इथून हलवावं लागेल.’ मी गळ्यातलं टाके बघायचं भिंग काढून शिफूंच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं आणि मान खाली घातली. झालं. तीन वर्षं संपली.

‘माल माझा,’ काका गरजले. ‘मी काय वाटेल ते करीन!’

‘माल तुमचा नाही, भावोजी.’

सगळे वळले. मावशी पुढे आल्या होत्या, हात ॲप्रनला पुसत. ‘हे रुखवत आहे. रुखवत घराचं नसतं, बाईचं असतं. आजेसासूबाईंनी सासूबाईंना दिलं, सासूबाईंनी माझ्या हातात दिलं. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. आता सांगते, विकायचं नाही.’

काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. ‘आणि तुझ्यामागून कुणाला देणार? घरात सून आहे का?’

‘आहे,’ देयुआन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो कानापर्यंत लाल. ‘म्हणजे... होईल. ती हो म्हणाली तर.’ आणि माझ्याकडे पाहिलं.

आता इथं मी लाजून खाली बघायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘नाही?’

‘आठ कापडांसाठी मी कुणाची सून होणार नाही! काकांशी वाद जिंकायला मी काय हुकमाचं पान आहे? कापडं मावशींची आहेत. ती त्यांच्या हक्कानं वाचली. माझी गरज नाही त्याला.’

छिउबाईंनी पर्स उचलली. काका काहीतरी बोलत होते. मी काही ऐकलं नाही. छत्री न घेताच बाहेर पडले आणि पुलापर्यंत चालत गेले. मग थांबले. पाऊस भुरभुरत होता. नोकरी गेली होती, आणि ज्याच्यावर जीव जडला होता त्याला चारचौघांत नाही म्हणून आले होते. रडू येत होतं, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं, कारण तो मागून धावत येतोय हे मला बुटांच्या आवाजावरून कळलं होतं.

‘चुकलं माझं,’ तो धापा टाकत म्हणाला. ‘तिथं विचारायला नको होतं. कापडांसाठी नव्हतं गं ते... मला कधीपासून विचारायचंच होतं, आणि तोंडून निघालं ते नेमकं त्या वेळी.’

‘गप्प बस.’

त्याचा ॲप्रन तसाच, भिजलेला.

‘काका काय म्हणाले?’

‘भट्टीला हात लावू नकोस म्हणाले.’

‘म्हणजे तुझंही गेलं.’

‘गेलं.’

मी डोळे पुसले, त्याच्याच ॲप्रनच्या टोकानं. ‘आता मी विचारते,’ मी म्हटलं. ‘मला तू हवा आहेस. तुझे सिंह नकोत, खुर्च्या नकोत, काकांची खानावळ नको. नुसता तू. हो की नाही?’

‘हो,’ तो म्हणाला. एवढ्या झटकन, की मला हसू आलं. मग त्याच्याही चेहऱ्यावर तो नेहमीचा खट्याळपणा परतला. ‘पण खुर्च्याही नकोत? मग आपण बसायचं कुठे?’

‘बसायचं कशाला?’ मी म्हटलं आणि त्याचा हात धरला. ‘चल.’