किल्ल्यातला एक तास

माझ्या डोळ्यांदेखत मोटर सुटली. मी हात केला, हाक मारली, पदर सावरत चार पावलं धावलेसुद्धा... पण किरनापुरच्या स्टँडवरून ती जी निघाली, ती धुळीचा लोट मागे सोडून बालाघाटच्या रस्त्याला लागली. राग तर माझ्या नाकावरच असतो. मी तशीच वळले आणि टेबलामागे वही घेऊन बसलेल्या टाइमकीपरसमोर जाऊन उभी राहिले.

साडेनऊची मोटर वेळेआधी कशी सोडली, असं मी त्याला विचारलं. शाळेतून निघाले तेव्हा घड्याळात नऊ वीस झाले होते, आणि शाळा ते स्टँड पाच मिनिटांचीही वाट नाही.

त्याने वर न बघताच वहीत काहीतरी लिहिलं. "मोटर बराबर साडेनऊले सुटली, बाई. तुमच्या शाळेचं घड्याळ सात मिनिटं मागं हाय."

"तुमाले काय माहीत?"

"रोज घंटा आयकतो नं मी."

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या रेडिओवर शाळेचं घड्याळ ताडून पाहिलं. सात मिनिटं! एक कमी नाही, एक जास्त नाही. मला इतका संताप आला की काही विचारू नका. पण चूक झाली की कबूल करायची, ही माझी खोड आहे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी स्टँडवर गेले आणि तसं सांगून टाकलं. तो हसला नाही. त्याने फक्त स्टूल पुढे सरकवलं. त्याचं नाव भोजराज. कानावर पेन्सिल, मनगटावर जुनं घड्याळ, आणि डोळे असे की बघितलं तर बघणाऱ्यालाच आपली नजर खाली करावी लागे.

ही गोष्ट चौसष्ट सालची, दिवाळी नुकतीच झाली होती. धानाची कापणी आटोपत आली होती आणि गावभर नव्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास होता. कापणी आटोपली की आमच्याकडे लग्नाच्या गोष्टी निघतात. मी बावीस वर्षांची, मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, आणि तीनदा 'पाहून' झालेली. पहिल्यांनी मला सुईत दोरा ओवायला लावला. दुसऱ्यांनी अंगणभर चालवलं. तिसऱ्यांच्या आत्याबाईंनी तर केस खरे की गंगावन, ते वेणी ओढून पाहिलं. मी त्यांना म्हटलं, दातही मोजून घ्या. ते लोक चहा न पिताच उठले. तिन्ही ठिकाणांहून एकच निरोप आला, मुलगी उलट उत्तरं देते.

चौथं स्थळ शेवंताबाई मावशीने आणलं. मुलाचं नाव तेजराम, तिरोडीच्या मँगनीज खाणीच्या हापिसात कारकून, आईवडील लांजीजवळच्या खेड्यात. मी बाबूजींना स्पष्ट सांगितलं, घरी चटईवर बसून मी आता कोणाला दिसणार नाही. मग मावशीनेच तोड काढली. लांजीच्या किल्ल्यात देवीचं देऊळ आहे. दोन्हीकडचे लोक दर्शनाच्या निमित्ताने तिथे येतील, मुलगामुलगी एकमेकांना बघतील. जमलं तर जमलं. नाही जमलं तर कोणाच्या दाराला बट्टा नाही. आमच्याकडे असं चालतं.

पण माझ्या मनात याच्याही पुढचं होतं. मोठी माणसं यायच्या आधी मला त्या मुलाबरोबर एक तास हवा होता. पूर्ण एक तास. त्या तासात प्रश्न मी विचारणार होते, आणि हो की नाही, तेही मीच ठरवणार होते. आता तो तास मोटरीच्या वेळांमधून काढायचा, तर भोजराजशिवाय दुसरं कोण होतं?

मी त्याला म्हटलं, मला देवीच्या दर्शनाला जायचं आहे. पहिल्या मोटरीने मी, दुसरीने घरचे. मध्ये एक तास राहिला पाहिजे.

"दर्शनाले येवढा हिशोब?" त्याने पेन्सिल कानावरून काढली. "देवी का घड्याळ पाहून बसली हाय?"

मग मी खरं ते सांगितलं. त्याने दऊत उचलून टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला ठेवली... पुन्हा परत आणली. आणि मग कामाला लागला. कोणता दिवस ठरला आहे, हे त्याने विचारलं. लांजीच्या बाजाराचा दिवस, मी म्हटलं. मावशीला येताना सुपं घ्यायची होती.

"मंग गेला तुमचा तास," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी पहिली मोटर गावोगावी कोंबड्या आन् टोपले भरत जाते. पाऊण घंटा लेट. दुसरी मोटर मात्र रिकामी, ते बराबर येते. तुमी आन् तुमचे बाबूजी जवळपास संगमंगच उतरान." त्याने बोट वहीवर टेकवलं. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जा."

दिवस बदलायला मावशीला राजी करणं सोपं नव्हतं. मी तिला सांगितलं, बाजाराच्या दिवशी अर्धा जिल्हा तिथे असतो आणि सगळ्यांच्या देखत नकार आला तर तोंड कुठे लपवशील? सुपं राहिली, पण दिवस बदलला.

वेळा अशा होत्या. पहिली मोटर किरनापुरहून सव्वानऊला सुटून सव्वादहाला लांजीत पोचायची. दुसरी तिच्या तासाभराने. मग मावशीला विश्वासात घेतलं आणि तिच्या हाती तेजरामला गुपचूप निरोप गेला की त्याने आदल्या दिवशी आईवडिलांकडे यावं आणि सकाळी सायकलने एकट्याने निघावं. त्याचे आईवडील मावशीला घेऊन बैलबंडीने बारापर्यंत पोचणार होते. राहिलं एकच, स्टँडपासून किल्ल्यापर्यंतचं अंतर. लोक दहा मिनिटं सांगत. भोजराज म्हणाला, लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका, मी पाहतो.

आठ दिवसांनी मी गेले तेव्हा वहीत घातलेला एक कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या आईला, गोदाबाईला, देवीच्या दर्शनाला घेऊन गेला होता. तिला पुढे चालायला लावलं आणि स्वतः घड्याळ हातात धरून मागे.

"पंचवीस मिनिटं," तो म्हणाला. "माह्या एकट्याच्या चालीनं पंधरा लागले असते. पण तुमी साडीत चालान न... माय बी साडीत चालते."

कागदावर आणखीही होतं. किल्ल्याच्या दारातल्या कोणत्या दोन पायऱ्या ढिल्या आहेत. खंदकाच्या कडेने जाऊ नये, गवतात काटे आहेत. डाव्या बुरुजाशी बसायला सावली आहे, पण साडेअकराला तिथे ऊन येतं. तेव्हा देवळाच्या बाजूला सरकावं. दुसऱ्याच एका माणसाबरोबर मी कुठे बसावं, म्हणजे मला ऊन लागणार नाही, हे या माणसाने उभं राहून पाहिलं होतं. मी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"काय पुसान त्याले?" त्याने हळूच विचारलं.

"लग्न झाल्यावर नोकरी करू देईल का, ते."

"आन् त्यानं हौ म्हटलं तर?"

माझ्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं की तेवढ्या एका प्रश्नात सगळं येतं. त्या संध्याकाळी घरी जाताना पहिल्यांदा वाटलं की नाही येत.

ठरलेल्या सकाळी धुकं होतं. मी माय-बाबूजींना लांजीच्या शाळेत कागद द्यायचे आहेत असं सांगून आधी निघाले होते. भोजराजने तिकीट दिलं. त्याने त्या दिवशी दाढी केली होती आणि गालावर बारीकसं कापलं होतं. ड्रायव्हर चढला तरी मी खालीच उभी.

मी म्हटलं, "दुसरी मोटर तुमच्याच हातात हाय न. अर्धा घंटा आधी सोडली तर माहा तास बुडन."

"कोणाचा टैम चोरत नाई मी, बाई."

"सोतासाठी बी नाई?"

तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी नजर मी खाली केली नाही. "सोतासाठी..." तो म्हणाला, "सोतासाठी काई मांगून घ्याची आदतच नाई मले." आणि त्याने शिट्टी वाजवली. मोटर हलली, मी कशीबशी चढले.

तेजराम वेळेवर आला होता. सायकल झाडाला टेकवून रुमालाने चेहरा पुसत उभा. चांगला माणूस होता हो! मी काही खोट काढावी म्हणून बसले होते, पण निघेना. बुरुजाच्या सावलीत आम्ही हातभर अंतर ठेवून बसलो. खाणीतल्या कामाबद्दल बोलला, आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलला, मला दोन वेळा हसवलंदेखील. मग मी प्रश्न विचारला.

"शिकवा की," तो सहज म्हणाला. "तिरोडीले शाळा हाय, मास्तरीण नाई. पोरीईले बरंच होईन."

हवं ते उत्तर मिळालं होतं. तीन वेळा अपमान गिळून, दिवस बदलून, घरी खोटं बोलून ज्यासाठी मी इथवर आले ते उत्तर. आणि तेवढ्यात माझ्या पायांवर ऊन आलं. मी न बघताच ओळखलं की साडेअकरा झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते काही उन्हामुळे नव्हे. माझं भोजराजवर प्रेम होतं. इतकं साधं होतं ते, आणि मी मात्र इतके दिवस मोटरीच्या वेळा जुळवत बसले होते.

मी तेजरामला सगळं सांगितलं. तो गवताची काडी मोडत ऐकत राहिला.

"मंग मले बलावलं काहून?"

"आज सकाळलोक मलेच माहीत नव्हतं जी. चुकली मी. माफ करा."

दुखावला होता, दिसत होतं ते. थोड्या वेळाने म्हणाला, मुलगी मला पसंत नाही असं मी सांगतो, म्हणजे तुमच्यावर बोल येणार नाही. मी नकारार्थी मान हलवली. हो की नाही हे मीच सांगावं म्हणून एवढा खटाटोप केला, मग नकार दुसऱ्याच्या तोंडून कशाला जाऊ देऊ? त्याने सायकल घेतली. आईवडिलांची बंडी वाटेतच थांबवतो म्हणाला, त्यांचा इथवर यायचा त्रास वाचेल. जाताना त्याने एकदा वळून हात जोडले.

अकरा चाळीसला माय-बाबूजी दारातून आत आले. मी पायरीवरच बाबूजींना सांगितलं. स्थळ चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, आणि मी नाही म्हटलं आहे. मला किरनापुरच्या स्टँडवरच्या भोजराजशी लग्न करायचं आहे. त्याने विचारलेलं नाही. मी विचारणार आहे.

बाबूजींचा चेहरा लाल झाला. ते तसेच देवळाकडे वळले. देवीपुढे हात जोडले, नारळ फोडला, आणि दुपारच्या मोटरीत बसले. मी मागच्या बाकावर. शब्द मागे घ्यायचा नाही हे पक्कं होतं. अर्ध्या वाटेत मायने बाबूजींना हलकेच सांगितलं ते मी ऐकलं. भोजराजची आई गोदाबाई मायच्या माहेरच्या गावची, नात्यातलीच. परवा तिने सांगितलं होतं, तिच्या पोराला काय झालं कोण जाणे, आईला पुढे चालवून घड्याळात बघत किल्ला मोजत होता. कोणासाठी, हे मायने तेव्हाच ओळखलं होतं.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" बाबूजी म्हणाले.

"तिनं सांगावं म्हणून थांबली," माय म्हणाली.

किरनापुरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. भोजराज वहीत डोकं घालून बसला होता. मोटर आली की उभा राहायचा, तो आज उठलाच नाही. मी टेबलासमोर गेले. बाबूजी माझ्या मागेच होते. असू देत म्हटलं.

"तास पुरला?" त्याने वहीलाच विचारलं.

"पुरला. त्यानं हौ म्हटलं. मी नाई म्हटलं." मी टेबलावर हात टेकवले. "तुमाले मांगता येत नाई, म्हणून मीच मांगून राह्यली. माह्याशी लग्न करान?"

तो उभा राहिला. स्टूल पडलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बाबूजींकडे, मग पुन्हा माझ्याकडे... "हौ," तो म्हणाला. एवढंच. पण असा म्हणाला की स्टँडवरचा पानवाला चुना लावता लावता थांबला.

बाबूजी पुढे आले. घसा खाकरला. त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि कोरड्या आवाजात विचारलं, "तुह्या गावाले मोटर कितीले जाते?"

भोजराजने पडलेलं स्टूल उचललं. "मोटर नाई जात जी तिकडं. सडकेवरून दीड कोस... पायी जा लागते."

बाबूजींनी आपल्या पायांतल्या जोड्यांकडे पाहिलं. मग मायकडे पाहिलं.

"मंग रविवारी सकाळीच निघा लागन आपल्याले," ते म्हणाले.