बारा नंबरचा पत्ता

यातलं पदरचं काहीच नाही. पेरिझात माझी मावसबहीण. नारिन शहरात नेटवर्कची कामं करते आणि मोजकंच बोलते. तिनं सांगितलं तसं लिहिते.

जानेवारीतली दुपार, तीनचा सुमार. अत-बाशी गावाच्या टोकाचं शेवटचं घर. बाहेर उणे अठ्ठावीस.

घरात साइराकान आपा एकट्याच. त्यांचा म्हातारा पानगळीत वारला. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याच्या वस्तू नातलगांत वाटल्या. टोपी, कोट, खोगीर. मेंढवाड्यात त्यानं लावलेला कॅमेराही.

मग मॉस्कोत नोकरी करणाऱ्या लेकीनं, एल्नुरानं, स्वयंपाकघरात नवा कॅमेरा बसवून घेतला. घरातल्या फोनवर चित्र येई. मॉस्कोत येईना, म्हणून पेरिझातला बोलावलं.

"आज दिसलं नाही, तर मी येऊन आईला घेऊन जाणार," एल्नुरा फोनवर म्हणाली. "तिला एकटी ठेवणार नाही."

"मला विमानात कोंबणार म्हणे!" आपा फणकारल्या. "पोरी, नीट कर गं ते. की नुसतंच तारांशी लगीन लावून बसलीयस?"

पेरिझातनं राउटरची सेटिंग्ज उघडली. चूक साधी होती. बाहेरून कुणी कॅमेऱ्याचं चित्र मागितलं, की त्याला घरातल्या कुठल्या यंत्राकडे पाठवायचं, याचा नियम राउटरमध्ये असतो. म्हाताऱ्यानं लिहिलेला नियम अजून बारा नंबरच्या पत्त्यावर पाठवत होता. जुन्या कॅमेऱ्याकडे. नवा कॅमेरा पंधरावर होता.

बारावर आता काहीच नव्हतं.

ती आकडा बदलणार, एवढ्यात...

"दिसलं!" एल्नुरा ओरडली.

"काय दिसलं?"

"मेंढवाडा. आणि... कुणीतरी पाठमोरं उभं आहे. चारा टाकतंय. आई बाहेर गेलीय का?"

आपा पेरिझातच्या शेजारी चहा ओतत होत्या.

पेरिझात मेंढवाड्याकडे धावली. कॅमेऱ्याच्या जागी नुसता खिळा. खाली लोंबणारी तुटकी तार.

मेंढ्या होत्या. पण एकीचाही आवाज नव्हता.

गव्हाणीत गवत होतं. ताजं, नुकतंच टाकलेलं.

बर्फावर पावलं होती... फक्त तिची स्वतःची.

ती आत आली. "आपा, मेंढ्यांना चारा कोण टाकतं?"

आपांनी नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही. नुसत्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

पेरिझातनं बारा खोडून पंधरा लिहिलं. राउटर बंद केला. तीस सेकंदांनी चालू केला.

"आलं गं, स्वयंपाकघर आलं," एल्नुरा म्हणाली.

बाहेर सगळ्या मेंढ्या एकदम ओरडायला लागल्या.

दार वाजलं नाही. पण आपांनी मान वर केली. दारासमोरच्या मानाच्या जागेवर गादी सरकवली...

"बसा," त्या हळूच म्हणाल्या. "किती दिवस बाहेर गारठत होतात."

गादी रिकामी होती. पेरिझात आजही छातीठोकपणे सांगते, रिकामीच होती.

एल्नुरा आईला न्यायला आली नाही. वसंतात पेरिझातनं फोन करून विचारलं, चित्र नीट येतं ना?

"रोज येतं. आणि आता तिला कशाला आणायचं? ती एकटी कुठंय?"



पेरिझातनं फक्त एक आकडा बदलला होता. पण तेव्हापासून कुणाच्याही घरी तो नियम बदलायचा असला, की ती आधी विचारते... या घरातलं अलीकडे कुणी गेलंय का?

लोकांना वाटतं, मुलगी फार हळवी आहे.