छतावरची समुद्ररेघ

त्या गुहेत शिरायचं तर ओहोटीलाच. भरती लागली की गुहेचं तोंड पाण्याखाली जायचं, आणि आत राहिलेला माणूस पुढची ओहोटी येईपर्यंत आतच! बंदरावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या दुपारी गुहेच्या तोंडाशी एक रिकामी होडी भरकटताना दिसली, तेव्हा कप्तान तातडीनं तिकडे वळली. ती आपल्या आत्याची लाँच चालवायची. बंदरावर सगळे तिला 'कप्तान' म्हणायचे.

लाँच खडकाला बांधून, गुडघाभर पाणी तुडवत ती आत गेली. बघते तर काय... कपाळाला दिवा बांधलेला एक तरुण खडकावर मस्त उताणा पडलेला! हातात काचेची कुपी, डोळे छताला लागलेले.

"अहो, उठा! पाणी चढतंय!"

"एकच थेंब..." तो जागचा न हलता म्हणाला. "आत्ता पडेल."

"तुमची होडी वाहून चाललीय!"

टप्! थेंब कुपीत पडला. त्यानं बूच लावलं आणि मग एकदम धडपडून उठला. "काय म्हणालात? होडी?"

लाँचवर बसल्यावर, ओल्या पँटचे पाय पिळत त्यानं सांगितलं, की तो संशोधक आहे. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचतो, त्याचे दगडी लोलक होतात, आणि त्या थरांत हजारो वर्षांचे पाऊस-दुष्काळ लिहिलेले असतात.

"म्हणजे दगड बोलतात?"

"हळू बोलतात. शंभर वर्षांत नखाएवढं."

"तुमच्यासारखेच की! दोन हाका मारल्या तेव्हा कुठे जागचे हललात." ती हसली. "दगडोबा!"

दुसऱ्या दिवसापासून दगडोबा दर ओहोटीला तिच्याच लाँचनं गुहेत जाऊ लागला. आत्या चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "गुहेसाठी येतो म्हणे! गुहेसाठी कुणी भांग पाडून येत नाही."

एकदा आत खोलवर गेल्यावर तो म्हणाला, "आता वर बघा."

लहानपणापासून ती इथे येत होती. पण निसरड्या खडकांवरून चालताना नजर पायांशीच असायची. तिनं मान वर केली. शेकडो लोलक... आणि प्रत्येकाच्या कमरेला दगडाचा एक फुगीर पट्टा. सगळे पट्टे एकाच उंचीवर! दोरी धरून रेघ मारावी तशी ती ओळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली होती. तीन पुरुष उंच.

"तिथवर समुद्र होता," तो हळूच म्हणाला. "शांत पाणी, कितीतरी काळ. त्याच्या पातळीवर चुना साचत गेला."

तिथवर? म्हणजे धक्का, बाजार, आत्याचं घर... सगळ्यावरून पाणी! तिच्या तोंडून शब्द फुटेना. केव्हा तरी तिनं त्याची बाही धरली होती, हे तिचं तिलाही कळलं नाही. तो नुसता दिवा स्थिर धरून उभा राहिला.

"किती वर्षांपूर्वी?"

"त्यासाठी एक लोलक कापून न्यावा लागेल. परवानगी आहे माझ्याकडे."

बाही सुटली. "नखाएवढं वाढायला शंभर वर्षं म्हणालात ना? मग करवत माझ्या लाँचवर चढणार नाही."

तीन दिवस तो फिरकला नाही. दुसरी होडीही त्यानं केली नाही, एवढं मात्र तिनं नीट पाहून ठेवलं. चौथ्या दिवशी हातात भोक पाडायचं एक छोटं यंत्र घेऊन तो उभा. "पेन्सिलीएवढाच तुकडा. मागच्या बाजूनं. भोकही बुजवीन. काम दुप्पट वाढेल, साहेब ओरडतील... पण चालेल ना?"

"आणि शिडी कोण धरणार?"

"तेच... विचारायला आलो होतो."

तिनं शिडी धरली. तुकडा घेऊन तो त्याच्या शहरात गेला, आणि मग तीन महिने काहीच खबर नाही. तिनं मनाला बजावलं, काम संपलं, माणूस गेला. तरी गुहेवरून जाताना लाँचचा वेग आपोआप कमी व्हायचा.

आणि एका सकाळी तो धक्क्यावरून धावतच आला. "एक लाख वीस हजार! एक लाख वीस हजार वर्षं!"

त्यानं कागद तिच्यापुढे पसरला. तेव्हा जग आजच्यापेक्षा थोडंसंच जास्त उबदार होतं, तो म्हणाला. थोडंसंच... आणि समुद्र एवढा वर!

तिनं समोरच्या निवांत पाण्याकडे पाहिलं. "पुन्हा चढेल?"

"चढू शकतो. म्हणून तर मोजत राहायला हवं."

त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"हे फोनवरही सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"आलं असतं. पण आकडा मिळाला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी... वर बघताना तुम्ही कशा गप्प झाला होतात, तेच आठवत बसलो. वाटलं, तुम्हाला समोर बसवून सांगावं. हे... आणि यापुढे जे जे कळेल, ते सगळं. जन्मभर."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी बंदर सोडून कुठेही येणार नाही."

"ठाऊक आहे. समुद्राची पातळी मोजायचं केंद्र मी इथेच मागितलं. मिळालंय."

"मला न विचारता?"

"केंद्रासाठी नाही विचारलं. बाकीच्यासाठी विचारतोय."

दोर गुंडाळता गुंडाळता ती थांबली. "आधी आत्याला भेट. ती हो म्हणायला वेळ लावते, घाबरू नकोस."

तो दोन पावलं गेला आणि गर्रकन वळला. "भेट... म्हणालीस?"

"म्हणाले," ती हसू दाबत म्हणाली. "जा आता!"